गाण्यांचं फोल्डर उडालं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

शहापूर, बेळगाव (धागा सुरू करताना)

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या कॅसेटी वडिलांनी जिवापाड जपल्या होत्या. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावून मी त्या ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात, तिथं घाई चालत नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ केली तर एक कॅसेट ५५ एमबीच्या आसपास बसते, म्हणजे जागा फार लागत नाही. तरी दिवाळीला आलेल्या भाच्यानं गेम टाकायला जागा हवी म्हणून 'जुनं भजन' हे फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं. रिसायकल बिनमध्ये काहीच नाही. मूळ कॅसेटींना तोवर बुरशी धरली होती. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे.

शेजारचा पोरगा धावत आला. "काका, आधी मशीन बंद करा बघू. त्यात आता काही टाकायचं नाही." डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. ती जागा मोकळी झाली एवढीच नोंद होते, आणि नवीन काही लिहिलं गेलं की मगच जुनं खरोखर जातं. त्यानं हार्डडिस्क काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि रेकुव्हा हा डिलीट झालेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवून सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर घेतलं. त्याच डिस्कवर घेतलं असतं तर उरलेलंही बुजलं असतं. बहुतेक भजनं परत आली. एका गवळणीत मध्येच आवाज तुटतो, जरा वेळ खर्र वाजतं आणि मग पखवाज पुन्हा सापडतो. ती तशीच ठेवली आहे.

सीमाभागात घरोघरी असा ठेवा आहे : कीर्तनं, भारुडं, जात्यावरच्या ओव्या, सांगली-धारवाड आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली. बाजारातलं गाणं पुन्हा मिळतं, हे मिळत नाही. तुमचं काय गेलं, काय परत आलं, आता फोल्डर कसे लावता, सगळं लिहा.

खानापूर तालुका

देवळाचा लाउडस्पीकर मी बघतो. काकड्याच्या दिवसांत पहाटे लावायच्या भूपाळ्या पेनड्राइव्हवर होत्या. कुणीतरी त्यावर लग्नाचे फोटो घालताना त्या उडवल्या. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरचं डिलीट केलेलं रिसायकल बिनला जातच नाही, हे तेव्हा कळलं. गावात दोघांच्या मोबाइलमध्ये त्याच भूपाळ्या निघाल्या म्हणून निभावलं. आता पेनड्राइव्हवर फक्त कॉपी असते, मूळ घरच्या कॉम्प्युटरवर.

निपाणी, शिक्षिका

माझा अनुभव परत मिळाल्यानंतरचा आहे, कारण खरं काम तिथून सुरू होतं.

डिस्कच खराब झाली होती, म्हणून फोटोरेक हे फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फाइलचं नाव बघत नाही, आतल्या खुणांवरून एमपी३ ओळखून बाहेर काढतं. त्यामुळं फाइली मिळाल्या, पण नावं गेली, फोल्डर गेले. एफ आणि पुढं लांबलचक आकडा, अशा शेकडो फाइली एका ढिगात. आत्याच्या ओव्या कुठल्या, शाळेच्या गॅदरिंगची गाणी कुठली, काही पत्ता नाही.

ज्यांत टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती, भरलेले होते त्या तासाभरात मार्गी लागल्या. टॅग फाइलच्या आतच असतो, त्यामुळं नाव गेलं तरी तो राहतो. एमपी३टॅग नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली घेऊन 'टॅगवरून फाइलचं नाव' केलं की झालं. सिनेमाची गाणी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या प्रोग्रॅमनं आवाजावरून ओळखली. आत्याचा आवाज मात्र जगातल्या कुठल्याच यादीत नाही. तिथं आईला शेजारी बसवून एकेक फाइल ऐकली. "ही बेनाडीची मावशी", "हे बारशातलं", असं ती सांगत गेली आणि मी टॅगमध्ये लिहीत गेले. हे माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं काम. सांगणारी माणसं आहेत तोवर करून घ्या.

एक अडचण सांगते. टॅगच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा असते आणि देवनागरी नीट बसत नाही. आवृत्ती २.३ निवडून युनिकोडमध्ये सेव्ह करा. पूर्वीच्या मराठी फॉन्टात टायपलेले टॅग आता अगम्य दिसतात, ते हातानंच बदलावे लागतात.

टिळकवाडी

पं. रामभाऊ विजापुरे यांच्यामुळं बेळगावात पेटी शिकण्याची मोठी परंपरा आहे. मीही शिकते. क्लासमधले पलटे, तानांचे तुकडे, गुरुजी मध्येच थांबून सांगतात ते, सगळं लॅपटॉपवर ठेवलेलं. दुरुस्तीला दिला तेव्हा दुकानदारानं न विचारता विंडोज नव्यानं घातलं. आत एसएसडी होती, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. एसएसडीत ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आपणहून साफ करून टाकते, त्यामुळं फिरत्या डिस्कसारखं मागून काही सापडत नाही. सगळे उपाय झाले, एक फाइलही आली नाही. वरचे अनुभव वाचून कुणी एसएसडीच्या बाबतीत निर्धास्त राहू नये म्हणून मुद्दाम लिहितेय. दुकानात देण्याआधी कॉपी काढा आणि डिस्कला हात लावायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या.

मूळचा चिकोडीचा, सध्या पुण्यात

माझी गाणी गेलीच नव्हती. आयट्यून्समध्ये सगळ्यांपुढं उद्गारचिन्ह दिसलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. बायकोनं डिस्क आवरताना फोल्डर दुसरीकडं हलवलं होतं, एवढंच. आयट्यून्स फाइलीचा पत्ता लक्षात ठेवतं, पत्ता बदलला की त्याला ती सापडत नाही. एका गाण्याची नवी जागा दाखवली की बाकीची शोधू का असं ते स्वतःच विचारतं. तेव्हा आधी सगळ्या डिस्कवर '.mp3' शोधून बघा. घाबरून लायब्ररी नव्यानं केली तर प्लेलिस्ट जातात.

संकेश्वर

आमच्या पोरीनं सगळं गुगल ड्राइव्हला जोडून दिलेलं, त्यामुळं दोन ठिकाणी आहे अशी खात्री होती. नातवानं लॅपटॉपवरचं फोल्डर काढलं आणि ड्राइव्हवरचंही गेलं. सिंक म्हणजे आरसा आहे, इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं म्हणून परत मिळालं. दोन महिन्यांनी लक्षात आलं असतं तर काही उपाय नव्हता.

कडोली

फोल्डरची नावं कशी द्यावीत? मी गायकानुसार लावले होते, पण भजनात एका फाइलीत चौघं-पाच जण गातात.

निपाणी, शिक्षिका

भजनाला वर्ष आधी, मग गाव, मग प्रसंग : '१९९४-कडोली-हरिनाम सप्ताह'. गाणाऱ्यांची नावं टॅगमध्ये. वर्ष पक्कं माहीत नसेल तर '१९९०चं दशक' लिहा, पण मोकळं सोडू नका. सिनेमा आणि नाट्यगीतं वेगळ्या फोल्डरात ठेवा, म्हणजे जागा कमी पडली तर कशाला हात लावायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना कळतं.

कागवाड

आमच्याकडं तीन कॉप्या असतात : कॉम्प्युटर, बाहेरची डिस्क आणि इचलकरंजीला बहिणीकडं एक. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. जोडून ठेवली तर चुकीचं डिलीट तिच्यावरही होऊ शकतं, शिवाय करंट येऊन-जाऊन ती बिघडते ते वेगळंच. खंडेनवमीला अवजारांबरोबर ती पूजेला मांडतो, त्या दिवशी जोडून चार-पाच फाइली वाजवून बघतो आणि वर्षभरातलं नवीन त्यात घालतो. गेल्या खेपेला एक डिस्क टकटक करायला लागली होती. दुसरी कॉपी शाबूत होती, त्याच आठवड्यात नवीन डिस्क आणून भरली.