7 लाख कोटींचं बजेट आहे, मग 38 लाखांचं बिल का निघत नाही?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितेय, ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी समजावून सांगा प्लीज.

माझा भाऊ छोटा सरकारी कॉन्ट्रॅक्टर आहे. भोर, वेल्ह्याकडे रस्त्यांची डागडुजी, मोऱ्या, संरक्षक भिंती असली 15-20 लाखांची कामं घेतो. मागच्या वर्षीची दोन कामं पूर्ण झाली, एमबी (कामाची मोजमाप वही) लिहून झाली, सह्या झाल्या, बिलं ऑफिसला जमा झाली आणि तिथेच अडकलीत. दोन्ही मिळून 38 लाख होते. दर सोमवारी हेलपाटा आणि उत्तर एकच, ग्रँट आली नाही. 31 मार्चला तर रात्री साडेअकरापर्यंत ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून होता, त्या रात्री पैसे आले पण सगळ्यांना थोडे थोडे वाटले, याच्या वाट्याला 4 लाख. खडीवाला रोज फोन करतो, जेसीबीचं भाडं बाकी आहे, वहिनीच्या पाटल्या आणि माझं गंठण दोन्ही पतपेढीत आहे. भिंत मात्र उभी आहे हो, दोन पावसाळे झाले, एक दगड हलला नाही.

माझा प्रश्न असा की मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी 2025-26 चं जे बजेट मांडलं ते 7 लाख कोटींचं आहे. महाराष्ट्र देशातलं सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य. मग काम करून घेतल्यावर द्यायला पैसे का नाहीत? राज्य खरंच कंगाल झालंय का? का पैसे आहेत पण आमच्यापर्यंत येत नाहीत? घरात रोज यावरून वाद होतात, कुणी म्हणतं लाडकी बहीणमुळे, कुणी म्हणतं केंद्र पैसे देत नाही.

निवृत्त_लेखाधिकारी

ताई, 31 वर्षं सरकारी हिशेबात काढलीत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, राज्य कंगाल नाही. कर्ज 2025-26 च्या अखेरीस 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज बजेटमध्येच दिलाय, आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण राज्याच्या सकल उत्पन्नाशी (सरकारची जमा नव्हे, राज्यात सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न) तुलना केली तर ते 18-19 टक्के पडतं. पंजाबचं हेच प्रमाण 40 च्या वर आहे. हिमाचलमध्ये तर 2024 च्या सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांचे पगार 5 तारखेला आणि पेन्शन 10 तारखेला झाली. आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही.

पण जे 7 लाख कोटी म्हणता ना, त्यातलं मोकळं किती ते बघा. महसुली जमा धरलीये 5 लाख 61 हजार कोटी. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांतच संपते, एकटं व्याजच साधारण 65 हजार कोटी. हे तिन्ही खर्च ठरल्या तारखेला द्यावेच लागतात, त्यात सूट नाही. त्यानंतर लाडकी बहीण 36 हजार कोटी, शेतीपंपांची वीजमाफी, एसटीची अर्धी तिकिटं, पीकविमा. यातलं काहीही एक महिना थांबलं की टीव्हीवर बातमी होते, मोर्चा येतो. म्हणून महसुली तूटच जवळपास 46 हजार कोटींची दाखवलीये, म्हणजे रोजचा घरखर्चसुद्धा उसनवारीवर.

आता तुमचा भाऊ. तो थांबू शकतो. मंत्रालयाच्या दृष्टीने त्याची एवढीच ओळख आहे. पैसा कमी पडला की जो थांबू शकतो त्याला थांबवतात: कॉन्ट्रॅक्टर, आरटीईच्या (गरीब मुलांच्या मोफत प्रवेशांच्या) परताव्याची वाट बघणाऱ्या शाळा, एसटी. बजेटमध्ये तरतूद असते, प्रशासकीय मान्यता असते, वर्क ऑर्डर निघते, पण बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) निधी वितरित होत नाही तोवर त्या तरतुदीला काही अर्थ नाही. तरतूद म्हणजे पंगतीचं आमंत्रण, ताट वाढलं असं नव्हे.

आणि एक गोष्ट मला नोकरीत असल्यापासून खुपते, ती लिहितोच. सरकारचे हिशेब रोखीवर चालतात. पैसे गेले तर खर्च, नाही गेले तर खर्च नाही. तुमच्या भावाचे उरलेले 34 लाख ना तुटीत दिसतात ना त्या 9.32 लाख कोटींच्या कर्जात. रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे काढून कर्ज घेतलं तर व्याज द्यावं लागतं, केंद्राची परवानगी लागते, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची तुटीची मर्यादा सांभाळावी लागते. वहिनींच्या पाटल्यांवर उभं केलेलं कर्ज बिनव्याजी आणि बिनबोभाट. सरकारनेच घेतलंय ते, फक्त हप्ता तुमच्या घरातून जातोय.

कोथरूड_करसल्लागार

काकांनी खर्चाची बाजू सांगितली, मी जमेची सांगतो, कारण केंद्राचा मुद्दा अर्धा खरा आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा राज्यांनी बहुतेक मालावरचा व्हॅट, जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर), प्रवेश कर सगळं सोडून दिलं. बदल्यात 5 वर्षं दरसाल 14 टक्के वाढीची हमी होती, कमी पडेल ते केंद्र भरून देणार. ती हमी जून 2022 ला संपली. आता राज्याच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असं उरलंय काय? पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, दारूवरची एक्साइज, मुद्रांक शुल्क, गाड्यांचा टॅक्स, वीज शुल्क. बस. म्हणून गरज पडली की प्रत्येक वेळी हेच चार-पाच नळ पिळले जातात. 2025 चंच बघा ना, एप्रिलमध्ये रेडीरेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचे जागेचे सरकारी दर) वाढला आणि जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची एक्साइज उत्पादनखर्चाच्या 3 पटीवरून साडेचार पट केली. पेट्रोलवर आपण 25 टक्के आणि वर लीटरमागे 5 रुपये 12 पैसे देतोय. पुण्यात फ्लॅट घेतला तर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, त्यात 1 टक्का मेट्रोचा अधिभार. परवा एक क्लायंट जोडपं आलं होतं, 60 लाखांचा फ्लॅट, वारज्यात, 4 लाख 20 हजारांचा आकडा ऐकून दोघं गप्प झाले, मग बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊन एक टक्का वाचतो का ते विचारलं. वाचतो.

केंद्राच्या करांतला वाटा म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांना 41 टक्के ठरवले, त्या 41 मध्ये आपला हिस्सा 6.317 टक्के होता, उत्तर प्रदेशचा 17.939. लोकसंख्या, मागासलेपण हे निकष आहेत आणि गरीब राज्याला जास्त मिळावं हे मला पटतंही. पण सेस आणि सरचार्ज (करावर वरून लावलेले अधिभार) हे त्या 41 टक्क्यांच्या हिशेबात येतच नाहीत, ते पूर्ण केंद्राकडे राहतात, हे मात्र पटत नाही. पक्ष कुठलाही असो, राज्यांनी एकत्र येऊन यावर बोलायला हवं.

एक जुनी गोष्ट सांगतो. तुमच्या सॅलरी स्लिपवर प्रोफेशनल टॅक्सचे 200 कापतात, फेब्रुवारीत 300, तो 1975 चा कायदा आहे, 72 च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीला पैसे मिळावेत म्हणून आणलेला. म्हणजे योजना आणली तेव्हा तिच्यासाठी कर पण आणला, शहरातल्या पगारदाराला सांगून की तुझे पैसे दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्याला मजुरी म्हणून जाणार आहेत. आज कोण आणतं योजनेसोबत कर? निवडणुकीआधी योजना जाहीर होते आणि पैसे कुठून येणार हे नंतर पुरवणी मागण्यांत (बजेटनंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुरीत) कळतं. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, बजेटला चार महिने पण झाले नव्हते.

हडपसर_गाडीतळ

सगळे लाडकी बहीणवर घसरणार हे माहीत होतं म्हणून आधीच लिहिते. मी चार घरची पोळ्या-भाजी करते, मला ते 1500 मिळतात. 1 जून 2025 पासून पीएमपी बसचा महिन्याचा पास वाढून 1500 चा झाला. म्हणजे बहिणीचे पैसे आले की सरळ पासात जातात, हातात काही राहत नाही, पण ते आले नाहीत तर मला गाडीतळापासून मगरपट्ट्यापर्यंत चालत जावं लागेल. ताई तुमचं गंठण गहाण आहे वाचून वाईट वाटलं खरंच. पण माझ्या पैशामुळे तुमचे अडकले असं कुणी म्हणू नका, दोघींनाही द्यायचं कबूल सरकारनेच केलंय.

निवृत्त_लेखाधिकारी

गाडीतळच्या ताई, तुमचं बरोबर आहे. दोष घेणाऱ्याचा नाही, हिशेब न करता कबूल करणाऱ्याचा आहे. साधा गुणाकार करा. साधारण 2 कोटी 40 लाख बहिणी, दरमहा 1500, झाले महिन्याचे 3600 कोटी, वर्षाचे 43 हजार 200 कोटी. तरतूद आहे 36 हजार कोटी. 1500 चे 2100 करण्याचं निवडणुकीतलं आश्वासन तर बाजूलाच राहू द्या. मग एकतर नावं कमी होणार किंवा दुसरीकडचा निधी वळवणार. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवला तो याचसाठी, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या तोंडचं असं वळवणं मला अजिबात मान्य नाही.

अजून पुढे आठवा वेतन आयोग आहे. केंद्राने जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलाय, तिकडे लागू झाला की राज्यालाही मागोमाग द्यावा लागतो. मी स्वतः पेन्शनर आहे, मला वाढ मिळेल, पण ती कुठून येणार हे मला दिसतंय आणि त्याने झोप लागत नाही.

मुळशीकर

भावाच्याच धंद्यातला आहे. ताई, त्याला सांगा नवीन टेंडर भरू नको. आमच्याकडे पोरांनी जुनी बिलं निघतील या आशेवर नवी कामं घेतली, बिलो रेटने (सरकारी अंदाजापेक्षा कमी दराने), आणि डबल अडकले. अधिकारी वाईट नाहीत हो, तेपण हात वर करून दाखवतात. पण वर मोठ्या महामार्गांना हजारो कोटी मंजूर होतात आणि 3054 च्या (रस्ते-पुलांच्या देखभालीच्या सरकारी खात्यातल्या) खड्डे बुजवायच्या कामाला पैसे नाहीत, हे डोक्यात जातं. रस्ता नवीन करण्यापेक्षा आहे तो सांभाळणं स्वस्त पडतं हे आमच्या डांबर ओतणाऱ्या गड्यालापण कळतं.

धायरी_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हप्ता आपल्या घरातून जातोय या वाक्याला तो उठून बाहेर गेला, बराच वेळ गॅलरीत उभा होता. हडपसरच्या ताई, तुमच्याबद्दल घरात परत कुणी बोलणार नाही.

काका, आता नेमकं करायचं काय ते सांगा ना, नुसतं सोमवारी जाऊन बसण्यात अर्थ दिसत नाही.

निवृत्त_लेखाधिकारी

बीम्सची साइट सगळ्यांना उघडी आहे, विभागवार तरतूद किती, वितरित किती, खर्च किती ते दिसतं. त्याची प्रिंट काढा. मग माहिती अधिकाराचा अर्ज: कामाचं नाव, वर्क ऑर्डरचा नंबर, लेखाशीर्ष (ज्या सरकारी खात्यातून खर्च होतो त्याचा क्रमांक), त्यावर या वर्षी त्या ऑफिसला किती निधी आला, कुठल्या तारखेला आला आणि कुठली बिलं कुठल्या क्रमाने दिली. हा शेवटचा मुद्दा सोडू नका, क्रम विचारला की फाइल हलते. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. दोन कामं आहेत तर दोन अर्ज. मसुदा इथेच टाका, मी रात्री बघतो.