चौदा रात्री, सहा देश: आमचा युरोपचा आराखडा कोणी तपासून देईल का?

कंदीपेढा:
नमस्कार. मी साताऱ्यातील एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होतात आणि त्या निमित्ताने मी व माझे यजमान पहिल्यांदाच युरोपला जाण्याचे ठरवीत आहोत. १ मे रोजी निकाल लागला की दोन दिवसांनी निघायचे आणि चौदा रात्री तिकडे राहायचे, एवढे पक्के आहे. मी केलेला आराखडा असा: अ‍ॅमस्टरडॅम दोन रात्री, पॅरिस तीन, स्वित्झर्लंडमधले ल्युसर्न दोन, प्राग दोन, व्हिएन्ना दोन, व्हेनिस एक आणि रोम दोन. मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम जाण्यायेण्याचे तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त दिसते, म्हणून शेवटी रोमहून विमानाने पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमला यावे असा विचार आहे.

हे फार धावपळीचे होईल का? व्हिसासाठी अर्ज नेमका कोणत्या देशाकडे करायचा? यजमान पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. मुले म्हणतात, सरळ एखाद्या टूर कंपनीबरोबर जा. पण तासाला शिट्टी वाजवून बसमध्ये बसवणारे कोणी नको, असे यजमानांचे म्हणणे आहे. (मी स्वतः शाळेत दिवसभर तेच काम करते, त्यामुळे मला त्यात वावगे वाटत नाही.)

रुळावरून:
ताई, आधी तुम्हा दोघांचे अभिनंदन. आता थोडे कडू बोलतो. तुम्ही देश मोजले आहेत, दिवस मोजलेले नाहीत. सात शहरे म्हणजे सहा वेळा बॅगा भरणे, सहा वेळा स्टेशन गाठणे आणि सहा वेळा अनोळखी रस्त्यावर हॉटेल शोधणे. सकाळी अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि पुढच्या हॉटेलात दुपारी तीनच्या आधी सहसा खोली मिळत नाही, त्यामुळे प्रवास तीन तासांचा असला तरी तो दिवस गेलाच असे धरून चालावे. त्यातही ल्युसर्न ते प्राग हा टप्पा रेल्वेने जवळजवळ अख्खा दिवस खाईल. व्हेनिसला एक रात्र म्हणजे दुपारी पोहोचणे आणि सकाळी निघणे. दिवसभराच्या पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर गल्ल्यांमध्ये जी शांतता उतरते, तिच्यासाठीच तर तिथे मुक्काम करायचा असतो.

माझ्या मते प्राग आणि व्हिएन्ना या खेपेला सोडा. ती दोन्ही शहरे बुडापेस्टबरोबर जोडली की वेगळी, छान आणि तुलनेने स्वस्त सहल होते. अ‍ॅमस्टरडॅमही सोडा, कारण ते केवळ तिकिटामुळे यादीत आलेले दिसते. उरलेल्या चौदा रात्री अशा लावा: पॅरिस चार, ल्युसर्न चार, व्हेनिस दोन, रोम चार. विमानाचे तिकीट पॅरिसला उतरून रोमहून परतण्याचे शोधा. ते थोडे महाग दिसेल, पण रोम ते अ‍ॅमस्टरडॅम विमानाचे भाडे, बॅगांचे वेगळे पैसे आणि वाया जाणारा दिवस त्यात मिळवून पाहा, मग स्वस्त काय ते कळेल.

पॅरिसच्या गार द लिऑं स्टेशनवरून बाझेल तीन तासांवर आहे आणि तिथून ल्युसर्न सुमारे एक तास. ल्युसर्नहून मिलानला गाडी बदलून व्हेनिसला जाता येते. वाटेत ५७ किलोमीटर लांबीचा, २०१६ साली सुरू झालेला गोटहार्डचा पायथ्याचा बोगदा लागतो. फ्रान्स आणि इटलीतील वेगवान गाड्यांची तिकिटे विमानासारखी आहेत, जितकी उशिरा घ्याल तितकी महाग. व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी ती काढा. आणि वारांकडे लक्ष ठेवा: पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात.

जुना पासपोर्ट:
व्हिसाबद्दल लिहितो, कारण मूळ आराखड्यातली खरी अडचण तिथेच होती. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा असतो. बरोबरी झाली तर पहिला प्रवेश कोठून, ते पाहिले जाते. तुमच्या यादीत फ्रान्सच्या तीन रात्री, इटलीच्याही तीनच आणि प्रवेश मात्र नेदरलँड्समधून, म्हणजे अर्ज हाती घेणाऱ्यालाच कोडे. वर सुचवलेल्या आराखड्यात इटलीच्या सहा रात्री होतात, तेव्हा अर्ज इटलीकडे. पहिल्यांदा पॅरिसला उतरलात तरी चालते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिन्ही देशांना एकच व्हिसा पुरतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मे महिन्यात अर्धा महाराष्ट्र निघालेला असतो, म्हणून मुंबईच्या व्हिसा केंद्राची वेळ जानेवारीतच घेऊन ठेवा. शुल्क प्रत्येकी ९० युरो आहे (जून २०२४ पर्यंत ते ८० होते), आणि प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण हवे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा. हॉटेले पैसे परत मिळतील अशा अटीवरच बुक करा. ताई, तुमच्यासाठी सर्वांत वेळखाऊ कागद संस्थेचे ना-हरकत पत्र ठरेल; परीक्षांच्या दिवसांत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते किती दिवस पडून राहते, हे आमच्या घरात दोनदा अनुभवले आहे. आधीच मागून ठेवा.

आल्प्सवासी:
मी ल्युसर्नजवळ राहते, म्हणून चार रात्रींच्या सूचनेला मनापासून दुजोरा देते. इथे जादा दिवस ठेवावा लागतो तो हवामानासाठी. मे महिन्यात डोंगरावर ढग बसले की दोन दिवस हलत नाहीत, आणि ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखला जाऊन पांढऱ्या भिंतीखेरीज काहीही न पाहिलेले पाहुणे मी घरी चहाला घेतले आहेत. आदल्या रात्री तिकीट काढू नका. सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहा आणि मग ठरवा.

तुम्ही स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर माझी सूचना रिगी या डोंगराची आहे. ल्युसर्न स्टेशनच्या समोरच धक्का आहे. तिथून बोटीने सुमारे तासाभरात फिट्झनाऊला उतरायचे, धक्क्याला लागूनच लाल रंगाची दातेरी रुळांवरची गाडी उभी असते, आणि ती १,७९८ मीटर उंचीच्या शिखराच्या अगदी जवळ नेते. ही १८७१ सालची, युरोपातली पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे. बोट आणि गाडी दोन्ही पासमध्ये येतात. युंगफ्राउयोखला याच पासवर फक्त सवलत मिळते, वरचे पैसे भरावे लागतात. मिलानकडे जाताना पास कियासो या सीमेवरच्या स्थानकापर्यंतच चालतो. पुढचे तिकीट वेगळे. आणि रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-पाव घेऊन ठेवा. अडलेच तर स्टेशनमधली दुकाने उघडी असतात.

मीठ मसाला:
खाण्याबद्दल कोणीच लिहिले नाही! इटलीत तुमच्या यजमानांची उपासमार होणार नाही. एकच खोच आहे: पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरून करतात, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर ‘मारिनारा’ पिझ्झा मागा. त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असते, चीज नसते. पॅरिसला गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात इडली-डोसा मिळतो. घरून मेतकूट, भाजणी आणि खाकरे न्या. मात्र, ताई, तुमचे टोपणनाव वाचून सांगावेसे वाटते की मांस आणि दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. पेढे आणि तूप साताऱ्यातच ठेवा.

आमची एक फजितीही सांगते. इटलीतल्या एका साध्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट आम्ही काढले आणि निवांत बसलो. ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तपासनीस अतिशय नम्रपणे आले आणि तितक्याच नम्रपणे दंड करून गेले. आमचे यजमान पुढचे दोन दिवस दिसेल त्या यंत्रात तिकीट घालीत होते. व्हेनिसला बॅग हलकी ठेवा. स्टेशनातून बाहेर पडताच समोर कालवा आणि डावीकडे पायऱ्यांचा पूल येतो, आणि चाकांच्या बॅगेला पायऱ्या कळत नाहीत.

टूर कंपनीबद्दल मात्र मी थोडे वेगळे म्हणेन. गाड्या बदलणे आणि बॅगा उचलणे यांचाच ताण येत असेल, तर तिचे पैसे वाया जात नाहीत. गुडघे कसे आहेत ते तेवढे सांगा.

कंदीपेढा:
सर्वांचे मनापासून आभार. गुडघे माझे ठीक आहेत, यजमानांचा उजवा कुरकुरतो. म्हणून व्हेनिसचे हॉटेल स्टेशनच्या बाजूचेच, पूल न ओलांडता पोहोचता येईल असे घेतले आहे. प्राग आणि व्हिएन्ना काल रात्री खोडली. अ‍ॅमस्टरडॅम खोडताना यजमान थोडे हळहळले, पण पॅरिसची चौथी रात्र मिळाल्यावर गप्प झाले. संस्थेच्या कार्यालयात आज अर्ज दिला, पोचही घेतली. एवढेच विचारायचे आहे: रिगीवर मे महिन्यात स्वेटर पुरेल की जाड कोट लागेल?

आल्प्सवासी:
स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी. कोट व्हेनिसला ओझे होईल.