चर्चा: माळढोकावर पीएच.डी. करताना विषय एक घ्यावा की दोन?

माळरान (धागाकर्ती): मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले असून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यावर संशोधन करण्याचा विचार आहे. १९७९ साली ते जाहीर झाले तेव्हा शेते, गावे, गायराने सरसकट त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे क्षेत्र बरेच घटवले, पण माळढोक दिसेनासाच होत गेला. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, हे पुस्तकात सापडते. त्या अंड्याभोवतीचे गवत ऊस आणि द्राक्षांनी कसे गिळले, हे मात्र सातबारे आणि चराईचे हक्क वाचल्याखेरीज कळणार नाही. समाजशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्यावा का?

जुना परीक्षक: घेऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत दुसऱ्या विभागातील सहमार्गदर्शकाला मुभा आहे, हे खरे. परंतु प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, नेट, एकाच विषयाची असते आणि प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’ हेच शब्द येतात. मुलाखतीत प्राणिशास्त्रवाले तुम्हाला समाजशास्त्राकडे पाठवतील, समाजशास्त्रवाले परत प्राणिशास्त्राकडे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशाच ठिकाणी पटते.

पूर्वभागकर: सर, नोकरीचा मुद्दा मान्य, पण म्हणून प्रश्नच छाटायचा का? सूतगिरणीतील कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार पाहा. त्यात साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती सर्वाधिक आवळते. ही खूण नुसत्या छातीच्या फोटोत दिसत नाही, कामगाराला त्याच्या पाळीविषयी विचारावे लागते; आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात ते तेलुगूत विचारावे लागते.

जुना परीक्षक: आपलेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. ती खूण वैद्यकातल्याच माणसांनी नीट चौकशी करून टिपली, त्यासाठी दुसरी पदवी लागली नाही. प्रश्न कितीही विषयांना शिवो, पद्धत एका विषयाची पक्की हवी. मी तपासलेल्या अशा काही प्रबंधांत दोन्हीकडची अर्धीअर्धी प्रकरणे शिवलेली होती आणि शिवण उसवलेली होती.

माळरान: सर, उसवलेल्या शिवणीची भीती मलाही आहे. गवताळ अधिवासाचे मोजमाप हाच कणा ठेवते. जमिनीच्या नोंदी त्याच भूखंडांच्या, त्याच वर्षांच्या घेईन, म्हणजे दोन्ही एकाच नकाशावर बसतील. सहमार्गदर्शक मात्र घेणारच, कारण जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, म्हणजे फेरफार, कसे वाचायचे हे मला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणी शिकवणार नाही.

जुना परीक्षक: भूखंड तेच असतील तर माझा निम्मा आक्षेप मागे घेतो. जाहिरातीतल्या ‘संबंधित विषया’चा कायम आहे.