बेटमन : आधी डॅन स्टार्की, मग दुकानदार

उत्तर आयर्लंडचा रहस्यकथाकार कॉलिन बेटमन कुठल्या कादंबरीपासून वाचावा? काहीजण 'मिस्टरी मॅन' सुचवतात. चालेल, पण त्यात पत्रकार बेटमन सापडणार नाही. ते २००९ चं पुस्तक. नायक बेलफास्टमधला रहस्यकथांचा दुकानदार, भित्रा, आजारांच्या धास्तीने पछाडलेला, शेवटपर्यंत बिननावाचा. दुकान मात्र खरं आहे : बोटॅनिक अॅव्हेन्यूवरचं 'नो अॅलिबाइज'.

पत्रकारिता हवी असेल तर त्याची 'डिव्होर्सिंग जॅक' ही कादंबरी. बेटमन मूळचा बेलफास्टजवळच्या बँगर गावचा. शाळा सोडल्यावर तिथल्याच 'काउंटी डाउन स्पेक्टेटर' या वृत्तपत्रात उमेदवारी केली आणि डेप्युटी एडिटरच्या पदापर्यंत पोचला. 'डिव्होर्सिंग जॅक'चा नायक डॅन स्टार्कीही बेलफास्टचा पत्रकार; दारू आणि आगाऊ जीभ या दोन गोष्टींनी गोत्यात येणारा. छोट्या गावातल्या बातमीदाराची सवय गद्यात दिसते : तोकडी वाक्यं, विशेषणांची काटकसर, विनोद वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दावर. प्रेत पडलेलं असतानाही डॅन थट्टा सोडत नाही. काहींना हे खटकतं, पण त्या काळातल्या, हिंसाचाराने ग्रासलेल्या बेलफास्टला शोभतं.

(थोडा रसभंग : मरणाऱ्या मुलीचे शब्द नीट ऐकू आले नाहीत, यावर सगळी गोष्ट उभी आहे. शीर्षक भरभर, मोठ्याने म्हणा. द्वोर्झाक या चेक संगीतकाराचं नाव ऐकू येईल. मराठी अनुवादात नेमकं हेच मरणार.)

या कादंबरीवरच्या १९९८ च्या चित्रपटाची पटकथा बेटमनचीच, डॅन झालाय डेव्हिड थ्यूलिस. पण आधी पुस्तक. डॅनची स्वगतं पडद्यावर निम्मीही उरत नाहीत.