सोयाबीन तारण : बाजार समितीत ठेवायचं की वखारीत?

मांजराकाठ
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे 32 सभासद मिळून 400 क्विंटल सोयाबीन लगेच न विकता तारण ठेवायचं म्हणताहेत. बाजारात क्विंटलला 4,300 रुपयांच्या आसपास भाव, 2025-26 चा हमीभाव 5,328. हरभऱ्याच्या पेरणीला पैसे आत्ताच लागणार. बाजार समितीची योजना बरी की वखार महामंडळाची पावती घेऊन बँकेचं कर्ज? आणि माल कंपनीच्या नावाने ठेवावा की ज्याच्या त्याच्या?

हिशेबनीस
ज्याच्या त्याच्या नावाने ठेवणार असाल तर बाजार समिती. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीनला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. राखण आणि विमा समितीकडे. व्यापाऱ्याचा माल चालत नाही, म्हणून सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद हवीच. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, राहिली असेल तर गाडी तिथेच अडते.

हमीभाव धरून गणित मांडू नका, दादा. त्या दिवशीचा बाजारभाव आणि हमीभाव यांत जो कमी, तोच धरतात. म्हणजे 4,300 चे 75 टक्के, क्विंटलला 3,225 रुपये. 180 दिवसांचं व्याज साधारण 95 रुपये. मुदत ओलांडली की पुढचे सहा महिने 8 टक्के, त्यानंतर 12.

काटापावती
व्याजापेक्षा घट जास्त खाते. 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 10 टक्क्यांवर आला की साडेपंच्याण्णव किलो भरतो. साडेचार किलोचे 4,300 च्या भावाने 190 रुपये झाले, व्याजाच्या दुप्पट. ओल्या मालाला व्यापारी आजही कपात लावतोच, त्यामुळे हा सगळा तोटा तारणाच्या माथी मारता येत नाही. पण माल सोडवताना काट्यावर भांडणं होतात ती यावरूनच. आत नेतानाच प्रत्येकाच्या मालाचा ओलावा मीटरवर मोजा आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या.

मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कट्ट करून फुटला तर ठीक, दबला तर अजून दोन उन्हं द्या. ताडपत्रीवर पातळ पसरा आणि दिवसातून तीन-चारदा पाय फिरवा. माती-काडी चाळूनच पोतं भरा. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ओल्या मालाचं एक पोतं मधे गेलं तर शेजारची पोतीही तापतात. पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. ऊब लागली किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी थप्पी मोडा.

सभासद-खाते
कंपनीच्या नावाने ठेवायचा तर वखारीची इलेक्ट्रॉनिक पावती. त्यासाठी गोदाम वखार नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं हवं, गावातली कुठलीही शेड चालत नाही. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे माल नेण्याआधी तपासा. व्याज बँकेप्रमाणे बदलतं, शिवाय भाडं आणि हमाली आपलीच. भाव पडला तर बँक फरकाची रक्कम भरायला सांगते. त्या वेळी ती कोण भरणार, हे संचालक मंडळाच्या ठरावात आधीच लिहा. तोंडी ठरलं की कंपनी फुटते.

सभासदांकडून माल घेताना पूर्ण किंमत चुकती करू नका. उत्पादक कंपनीच्या कायद्यात थोडी किंमत राखून ठेवून नंतर द्यायची सोय आहे. उसाच्या पहिल्या उचलीसारखंच समजा. मात्र माल एकत्र झाल्यावर कुणाचं वजन किती, ओलावा किती, माती किती, याची वही काट्यावरच भरली पाहिजे. मागाहून आठवून भरलेली वही कुणी मानत नाही.

मांजराकाठ
आणि मधेच हमीभाव केंद्र सुरू झालं तर?

हिशेबनीस
नोंदणी ज्याच्या त्याच्या नावाने आत्ताच करून ठेवा, तेव्हा माल हातात असावा लागत नाही. पण केंद्रावर नेण्याआधी तारण फेडून माल सोडवावा लागेल. थोडी रक्कम भरून थोडा माल सोडता येतो का, हे ठेवायच्या आधी समितीच्या सचिवांकडून लेखी घ्या. केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ती 15 केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरू नका. 32 जणांसाठी मी समितीच निवडेन, आणि तीही निम्म्याच मालासाठी. उरलेला विकून पेरणी उरका, म्हणजे जानेवारीत भाव पडला तरी घाईने माल सोडवायची पाळी येणार नाही.