14 दिवसांचं बाळ, वजन जागच्या जागी. वरचं दूध सुरू करायचं का?

उपकेंद्र_एएनएम:
गरोदरपणाच्या 35 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, जन्मवजन 1950 ग्रॅम. काविळीसाठी एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) होतं, आठव्या दिवशी 1840 ग्रॅमवर डिस्चार्ज. आज चौदावा दिवस, वजन 1850. बाळंतीण माहेरी आहे. बाळ अंगावर ओढतं, पण पाच मिनिटांत झोपतं. दिवसात लघवी 5 वेळा. काखेतलं तापमान 36.2. श्वास मिनिटाला 48, छाती आत ओढली जात नाही. नवव्या दिवसापासून रोज तेल लावून मोरीत आंघोळ. आजींचं म्हणणं, आईचं दूध पातळ आहे, गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीने पाजू. त्यांना काय सांगू? आणि बाळाला घरी ठेवू की पाठवू?

वॉर्डसिस्टर:
वरचं दूध नको, बाटली तर नकोच. जन्मवजन दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि त्यानंतर रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ दिसायला हवी. इथे सहा दिवसांत फक्त 10 ग्रॅम वाढलंय. दूध येत असेल, पण बाळाच्या पोटात पुरेसं जात नाही. 35 आठवड्यांचं बाळ ओढायला शिकलेलं असतं, टिकून ओढायची ताकद मात्र नसते. पाच मिनिटांत झोपलं तर ते पोट भरून झोपलेलं नाही, दमून झोपलंय.

हिशोब असा. जन्मवजन भरून येईपर्यंत जन्मवजनच धरायचं. किलोमागे दिवसाला 160 मिली, म्हणजे 1.95 गुणिले 160, साधारण 312 मिली. दर दोन तासांनी, रात्री धरून 12 वेळा पाजायचं तर एका वेळेला 26 मिली. रडण्याची वाट बघू नका, अशी बाळं भुकेने रडतच नाहीत. दुपटं सोडा, तळपाय चोळा, उठवा. आधी अंगावर 10 मिनिटं, मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने. सगळं मिळून अर्ध्या तासात आटपा. त्याहून जास्त वेळ लागला तर जितकं पोटात जातं तितकं पाजण्याच्या कष्टातच खर्च होतं.

दूध काढताना बोंडी चिमटतात, तिथेच चुकतं. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेच्या जरा मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिल्या एक-दोन मिनिटांत काहीच येत नाही, त्यावर बाया सोडून देतात. एका बाजूला 3 ते 5 मिनिटं, मग दुसरी, परत पहिली, असं 20-30 मिनिटं. सुरुवातीचं दूध पातळ आणि निळसरच दिसतं, स्निग्धांश शेवटी शेवटी येतो. आजींना पहिलं आणि शेवटचं दूध दोन वेगळ्या वाट्यांत काढून शेजारी ठेवून दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

पाजताना बाळाचं डोकं-मान उंच. चमचा अर्धाच भरा, खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवा आणि बाळाला चाटून घेऊ द्या. घशात ओतलं की ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं. वाटी-चमचा साबणाने धुऊन 20 मिनिटं उकळलेला हवा.

ऊबदार:
दुधाचं बरोबर आहे, पण माझं बोट आधी आंघोळीवर. 36.2 म्हणजे बाळ गार पडलंय (36.5 ते 37.5 हवं). गार बाळ खाल्लेलं सगळं ऊब टिकवायला जाळतं, दूध कितीही मोजून द्या. मोरीतली ओली फरशी, दारातून येणारं वारं, अंगाला तेल, वर पाणी: दहा मिनिटांत तापमान उतरतं. वजन 2500 होईपर्यंत आंघोळ बंद, खोली गरम करून कोमट ओल्या कापडाने पुसणं पुरे. शेगडी आणि धुरीही बंद, बंद खोलीतला तो धूर एवढ्याशा फुप्फुसांना झेपत नाही.

ऊब द्यायची ती कांगारू पद्धतीने. बाळाला फक्त टोपडं, लंगोट, मोजे. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, छातीला छाती, पाय बेडकासारखे. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर. हनुवटी छातीत रुतली तर श्वास अडतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जुन्या सुती लुगड्याने बांधा, वरची कड कानाच्या खालपर्यंत. वरून गाऊन, शाल. आईने सपाट झोपायचं नाही, उशा लावून रेलून बसायचं. एका बैठकीत किमान एक तास, दिवसभरात 8 तासांहून जास्त, जमेल तितकं. आई दमली की बाप किंवा आजी. आजींना हे काम दिलं की बाटलीचा विषय बहुधा आपोआप मागे पडतो.

काटाबघा:
आठव्या दिवशीचं वजन एसएनसीयूच्या डिजिटल काट्यावर आणि आजचं झोळीच्या स्प्रिंग काट्यावर झालं असेल, तर ती तुलनाच सोडा. त्यावर 50 ग्रॅमचा फरक धड वाचता येत नाही. एकच काटा, झोळी लावून शून्य, उघडं बाळ, पाजण्याआधी.

उपकेंद्र_एएनएम:
काटे वेगळेच होते. मालिश पूर्ण बंद करायला लावू का? आणि व्हिटॅमिन डी किती?

ऊबदार:
बंद नको, आजी दुखावतील. गरम खोलीत, पाजण्याआधी, हलक्या हाताने खोबरेल, पाच मिनिटं. नाका-कानात तेल नाही, टाळू भरणं नाही, गुटी आणि मध नाही.

वॉर्डसिस्टर:
डी रोज 400 युनिट. बाटलीवरचं लेबल वाचूनच मिली सांगा, काहींमध्ये एका मिलीत 400 असतात, काहींमध्ये 800.

आता घरी की पाठवायचं. आत्ता तुमच्यासमोर कांगारू बांधा, तासाभराने परत तापमान घ्या. 36.5 च्या वर आलं आणि बाळाने वाटी-चमच्याने 20-25 मिली घेतलं तर घरी ठेवता येईल. उद्या परत बघा, लघवी 6 वेळांच्या पुढे जायला हवी. तीन दिवसांनी त्याच काट्यावर निदान 60 ग्रॅम वाढलेलं हवं, नाही वाढलं तर एसएनसीयू.

तासाभराने तापमान चढलं नाही तर आजच पाठवा. दूध घेणं सोडलं, श्वास 60 किंवा जास्त, छाती आत जाते, झटका, हलवल्याशिवाय हालचाल नाही, 35.5 च्या खाली किंवा 37.5 आणि वर, तळहात-तळपाय पिवळे: यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. 102 ला फोन करा, जेएसएसकेत (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात) गाडी आणि उपचार मोफत आहेत. बाळाला कपड्यात गुंडाळून हातात धरून नेऊ नका, आईच्या छातीला कांगारूत बांधूनच गाडीत बसवा.