लडाखच्या फेरीसाठी टायर कुठल्या रस्त्याचा निवडायचा? आणि पुढच्या स्प्रॉकेटचा तो एक दात

घाटमाथा (धागाकर्ता)

ऑगस्टच्या शेवटी निघतोय. पुणे, मनाली, लेह, पदुम, शिंकू ला (ला म्हणजे खिंड), दारचा, आणि दिवस उरले तर ग्रांफूवरून बातल-काझा करून परत पुणे. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. एकटाच आहे, दोन्ही बाजूंना पिशव्या आणि मागे तंबू. एकूण साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास जाईल.

आमच्या ग्रुपमध्ये पंधरा दिवस एकच वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. बहुतेकांचं म्हणणं, लडाख म्हणजे दातेरी नॉबी टायर, त्याशिवाय जाऊच नको. मला ते पटत नाही. पुणे ते मनाली दोन हजार किलोमीटर, तेवढंच परत. म्हणजे चार हजार किलोमीटर निव्वळ डांबर. धुळ्यापासून जयपूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५२, दोन्ही बाजूंना ट्रक, बिजासन घाटात पाऊस असण्याची पूर्ण शक्यता. मनाली-लेहसुद्धा आता बराचसा डांबरी आहे. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा चिखल वाट्याला येत नाही. मोरे प्लेन्सवर लोक आरामात ८० ने जातात. खरा वाईट रस्ता मोजला तर फार तर तीनशे किलोमीटर. त्या तीनशेसाठी पाच हजार किलोमीटर दातेरी रबरावर थरथरत जायचं आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना जीव मुठीत धरायचा, हा हिशोब मला उलटा वाटतो. दोन वर्षांपूर्वी कसारा घाटात पहिल्या पावसात माझा मित्र नव्याकोऱ्या नॉबीवर माझ्या डोळ्यांसमोर घसरला. वेग चाळीसचा होता. मागून टेम्पो येत होता, तो थांबला म्हणून आज मित्र आहे.

गिअरिंगचं मात्र उलटं. तिथे मी डोंगराचाच विचार करणार. चेन ज्या दातेरी चक्रांवर फिरते त्या स्प्रॉकेटचा कंपनीचा सेट पुढे १५ दात, मागे ३८, म्हणजे गुणोत्तर २.५३. पुढे १४ लावलं की २.७१, म्हणजे चढाला सात टक्के जास्त ओढ. टांगलांग ला ५,३२८ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम अर्धा. फ्युएल इंजेक्शन मिश्रण बरोबर ठेवतं, पण नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? खाली २४ बीएचपी देणारं इंजिन वर तेरा-चौदावर येतं, आणि सामान तेवढंच राहतं.

थोडक्यात, टायर डांबराचा आणि स्प्रॉकेट डोंगराचं. कोणाला हे चुकीचं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

दगडधोंडा

दादा, कसाऱ्याचं वाचून वाईट वाटलं, पण टायरच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण असहमत. तुम्ही किलोमीटर मोजताय. मी विचारतो, अडकणार कुठे? महामार्गावर नॉबीने त्रास होतो, आवाज होतो, झिजतो, हे सगळं खरं. पण तिथे तुम्ही वेग कमी करून, अंतर ठेवून वाट काढू शकता. नाल्यात टायरने साथ सोडली तर कमी करायला वेगच उरलेला नसतो.

छत्रू ते बातलच्या मधला एक नाला सांगतो. दुपारचे अडीच वाजले होते. वरचं बर्फ वितळून पाणी वाढलेलं, रंग चहासारखा, तळ दिसत नव्हता. आत नारळाएवढे गोटे, आणि ते पाण्याबरोबर सरकत होते. एकमेकांवर आपटल्याचा आवाज पायाला बुटातून जाणवत होता. माझा पुढचा टायर रस्त्याचा होता. एका गोट्याच्या तिरक्या अंगावर तो चढलाच नाही, बाजूला घसरला, हँडल हातातून गेलं. गाडी डाव्या बाजूवर पडली, एअर फिल्टरच्या डब्यात पाणी गेलं. ट्रकवाल्यांनी बाहेर ओढली. घोटा सुजला, तीन दिवस बातलच्या ढाब्यावर पडून होतो. सगळी फेरी त्या पंधरा फुटांत संपली.

तुमच्या यादीत तोच रस्ता आहे, तोही परतीला, म्हणजे टायर झिजलेला आणि तुम्ही थकलेले.

तिसरा गिअर

टायरवर नंतर लिहितो, आधी स्प्रॉकेट. ते बदलू नका असं माझं स्पष्ट मत.

हिमालयनचा पहिला गिअर मुळातच छोटा आहे. इंजिन लाँग स्ट्रोक (पिस्टनची धाव लांब), खालच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला कमी फेरे असतानाच, ओढणारं. मी दोनदा मनाली-लेह केलं, दोन्ही वेळा १५/३८ वर. गाटा लूप्सची २१ वळणं पहिल्या-दुसऱ्यात निघतात, थांबावं लागत नाही. आणि १४ लावून पुण्यापासून निघालात तर दोन हजार किलोमीटर इंजिन सात टक्के जास्त फिरणार. आज ज्या आरपीएमला ८० चा वेग आहे त्याच आरपीएमला ७५ मिळेल. या गाडीला पाचच गिअर. वर सहावा नाही की तो टाकून इंजिन शांत करता येईल. तळहात दिवसभर झिणझिणत राहतात.

चेनलाही दात कमी केलेले आवडत नाहीत. छोट्या स्प्रॉकेटवर प्रत्येक कडी जास्त वाकते, लवकर ताणली जाते, आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला जास्त घासते. त्यापेक्षा सामान सहा किलोंनी कमी करा. तंबू कशाला? दारचा, सर्चू, पांग, सगळीकडे राहायची सोय आहे.

रानजाई

तिसरा गिअर, तुमची गाडी ४११ सीसी आहे म्हणून हे म्हणता येतं. माझी एक्सपल्स २००, म्हणजे २०० सीसीचीच. गेल्या जुलैत मी आणि मैत्रीण दोघी दोन गाड्यांवर गेलो होतो. बारालाचाच्या अलीकडे झिंगझिंगबारला रस्ता खणलेला, ओली खडी, आणि चढावरच पुढे मिलिटरीचा ताफा थांबलेला. चालू-बंद, चालू-बंद. दर वेळी निघताना अर्धा क्लच आणि भरपूर ॲक्सिलरेटर, नाहीतर इंजिन बंद. वीस मिनिटांनी करपल्यासारखा वास यायला लागला आणि क्लचच्या लिव्हरचा पकडायचा पॉइंट पार टोकाला गेला. गाडी बाजूला लावून तासभर थंड केली.

मैत्रिणीने निघण्यापूर्वी पुढचं १३ काढून १२ लावलं होतं. ती त्याच ताफ्यामागे पहिल्या गिअरवर क्लच पूर्ण सोडून रांगत गेली. दोघींचं वजन सारखं, सामान सारखं. फरक त्या एका दाताचाच होता. चढ "निघतो" की नाही एवढंच बघू नका. क्लच पूर्ण सोडून किती हळू चालता येतं, ते बघा. खराब रस्त्यावर तोल त्यावरच राहतो.

उंचीने कमी असणाऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. माझा पाय पूर्ण टेकत नाही. गाडी झटक्याने निघाली किंवा बंद पडली की मी पडलेच.

घाटमाथा

रानजाई, हे तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. तिसरा गिअर, महामार्गावरच्या आरपीएमचा मुद्दा मान्य. तंबूचा नाही, रंगदुम आणि पदुमच्या मधे मला उघड्यावर राहायचंच आहे.

पेट्रोलचाही विचार केलाय. तांदीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. माझ्या गाडीला २८ चं ॲव्हरेज मिळतं, टाकी १५ लिटर, म्हणजे ४२०. १४ लावून २६ झालं तरी ३९०. चालतंय, पण दोन लिटरचा कॅन घेणार.

डेन्व्हरकर

मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं कोलोरॅडोत. इथे सुझुकी डीआर ६५० चालवतो. तिलाही पाचच गिअर, कंपनीचा सेट १५/४२. इमोजीन पाससारखे १३ हजार फुटांवरचे खडकाळ घाट करायचे असले की बरेच जण १४ लावतात. पण घरापासून नाही. १५ वर महामार्ग कापायचा, आणि डोंगराच्या पायथ्याशी तंबूत बसून १४ चढवायचं. सराव असला की पाऊण तासाचं काम.

तुमच्या वादाला हेच उत्तर नाही का? १४ पिशवीत टाका, केलाँगला बसवा, उतरताना परत १५.

एक हिशोब हाताशी असू दे. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळपास तीन दात वाढवणं. मागे ३८ चं ४१ करायला गेलात तर चेनच्या कड्या वाढवाव्या लागू शकतात. पुढचा एक दात कमी केल्यावर तीच चेन चालते, फक्त मागचं चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे सरकवावं लागतं.

लाल माती

मी राजापूरचा. वर्षातले चार महिने ओल्या जांभ्याच्या मातीत गाडी चालवतो, म्हणून टायरवर बोलतो. दगडधोंडा आणि घाटमाथा दोघेही "टायर" म्हणताय जसा काही तो एकच आहे. गाडीला दोन असतात आणि दोघांची कामं वेगळी.

मागचा घसरला की गाडी शेपूट हलवते, ॲक्सिलरेटर थोडा सोडला की सावरते. पुढचा घसरला की सावरायला वेळच मिळत नाही, दगडधोंडा यांनी ते भोगलंय. आणि झिजतो कोण? मागचा, कारण इंजिनची सगळी ओढ त्याच्यावर. म्हणून पुढे दातेरी, ब्लॉकमध्ये भरपूर अंतर असलेला. मागे अर्धा डांबराचा अर्धा मातीचा, मधली पट्टी सलग असलेला. महामार्गावर मागचा टिकतो, नाल्यात पुढचा दिशा धरतो.

ब्लॉकमधल्या अंतराचं मुद्दाम सांगतो, कारण दुकानात दातांची उंची बघून टायर घेतात. दात उंच पण जवळजवळ असले तर आमची चिकट माती मधे बसते, आणि दहा फुटांत टायर गुळाच्या ढेपेसारखा गुळगुळीत होतो. अंतर असेल तर चाक फिरताना माती उडून जाते.

दगडधोंडा

पुढच्याबद्दल एकदम सहमत. मागच्याबद्दल नाही. शिंकू लाच्या चढावर ओली सैल खडी लागली आणि मागचा जागेवर फिरला, तर स्प्रॉकेट १४ असो की १२, ताकद जमिनीत उतरणार कशी? उलट ताकद वाढवली की अर्ध्या डांबरी टायरवर तो जास्त फिरेल. घाटमाथा, तुमच्या दोन निर्णयांचं एकमेकांशी पटत नाही.

रानजाई

इथे मी घाटमाथांच्या बाजूने. चाक जागेवर फिरतं ते बहुतेक वेळा क्लच झटक्याने सुटल्यामुळे. क्लच पूर्ण सोडून इंजिन खाली फिरत असेल तर ओढ एकसारखी राहते, चाक खणत नाही. मैत्रिणीचा मागचा टायर कंपनीचाच होता.

तिसरा गिअर

टायरवर एकच गोष्ट, कोणी काढली नाही म्हणून. ४११ ला ट्यूब आहे. दातेरी टायरची बाजू कडक असते. पांगच्या पुढे वाऱ्यात, ४,७०० मीटरवर, दम लागत असताना तो टायर लिव्हरने रिममधून काढणं म्हणजे काय ते मी केलंय. दर दोन मिनिटांनी खाली बसत होतो. एवढं करून आत घालताना लिव्हरनेच नवी ट्यूब चावली. मागे सोपा निघणारा टायर असावा, हे माझ्या मते पकडीइतकंच मोठं कारण आहे. कारण पंक्चर बहुतेक मागेच होतं.

आणि ट्यूब असताना चिखलात पकड यावी म्हणून हवा १५ पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आणू नका. गोट्यावर रिम आपटलं की ट्यूब दोन ठिकाणी फाटते.

हवामहल

हवेवरून आठवलं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, आणि वर गेल्यावर टायर कडक का लागतो हे मला बरेच रायडर विचारतात. गेज आतला दाब बाहेरच्या हवेशी तुलना करून दाखवतं. पुण्यात बाहेरची हवा १३.८ पीएसआय, टांगलांग लावर साधारण साडेसात. म्हणजे पुण्यात २५ भरली तर वर गेज सहाने जास्त दाखवायला हवं. पण वर थंडी असते. ३० अंशांवरून ५ अंशांवर आलात की थंडीमुळे तीन पीएसआय जातात. उरतात तीन, गेजवर २८.

म्हणजे ज्यांना वर गेल्यावर गाडी गोट्यांवरून उडते असं वाटतं, त्यांचा टायर खरंच कडक झालेला असतो. दातांना दोष देण्याआधी सकाळी थंड टायरची हवा मोजा आणि पुन्हा २५ वर आणा. उतरताना भरायला विसरू नका. मनालीत तोच टायर मऊ पडलेला असेल, आणि सामानासकट महामार्गावर मऊ टायर तापतो.

घाटमाथा

हवामहल सर, हा हिशोब वहीत उतरवून घेतला.

माझं मत अर्धं बदललंय. पुढे दातेरी, मोठ्या अंतराच्या ब्लॉकचा. मागे अर्धा-अर्धा, मधली पट्टी सलग असलेला. मागच्याबद्दल दगडधोंडा, तुमचं अजून पटत नाही. मला कसारा दिसतो, तुम्हाला बातल दिसतो. १४ केलाँगपर्यंत पिशवीत. येत्या रविवारी घरीच दोन्ही स्प्रॉकेट बदलून बघतो आणि मागचं चाक काढून ट्यूब घालायचा सराव करतो.

दगडधोंडा

ठीक आहे, मागचा तुमच्या मनासारखा. पण मग बातलचा नाला सकाळी सातच्या आत ओलांडा, छत्रूला किंवा बातलला मुक्काम करून. आणि पाण्यात गाडी घालण्याआधी एकदा बूट भिजवून पायी पलीकडे जा. गोटे कुठे आहेत ते पायाला कळतं.

डेन्व्हरकर

रविवारी १४ बसवलंत की चेन ताणून झाल्यावर ॲडजस्टरच्या किती रेघा मागे उरल्या ते बघा. चेन आधीच जुनी असेल तर ती जागा पांगच्या आधी संपेल, आणि तिथे कडी तोडायचं हत्यार कोणाकडे नसेल.

घाटमाथा

चेन १४ हजार चाललेली आहे. म्हणजे सेटच नवा टाकतो.